ओढ्यावर पंप धुताना

चि. मुली,



हिमायतनगरहून टाकलेलं तुझं पत्र पोचलं. ओळखपाळख नसताना तू मला आजोबा म्हणून हाक मारलीस, म्हणून नातीला सांगावं तसंच सांगतो.

पोळा झाल्यावर तुमच्या शेताखालच्या ओढ्यात मासे तरंगले. ते तू जसं टिपलंस तसं टिपायला आम्ही पोरांना वर्षानुवर्षं शिकवत असतो. मासे उलटे व्हायला लागले ते पहाटे नाही, दुपारी. आधी बोटुकली आणि बारीक मासे गेले, मग रोहू. झिंगा एकही जिवंत दिसला नाही. पाण्यावर सुरसुर पळणारे किडेही दिसेनासे झाले. मरळी मात्र तोंड वर काढून हवा घेत संध्याकाळपर्यंत टिकल्या. आदल्या दिवशी वरच्या अंगाला कपाशीवर फवारणी झाली होती, पंप ओढ्यावरच धुतले गेले आणि रात्री पावसाची एक सर येऊन गेली. एवढं लिहून तू विचारतेस, "वडील म्हणतात, औषध किड्यांचं आहे, त्यानं मासे कसे मरतील? पाणी खराब झालं असेल. खरं काय?"

तुझ्या वडिलांची शंका उडवून लावण्यासारखी नाही. पावसाळ्यात पाणी खराब होऊनही मासे मरतात. कुजका पाला, शेण, गाळ वाहून आला की पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपत जातो. पण त्या मरणाची तऱ्हा वेगळी. प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो पहाटे, कारण रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पती तो तयार करत नाहीत, उलट वापरतात. त्या वेळी मोठे मासे आधी जातात, त्यांची गरज मोठी. पिल्लं वरच्या थरात तग धरतात आणि पाण्यातले किडे बहुधा जिवंत राहतात. तुझ्या ओढ्यात सगळं याच्या उलट झालं. लहान आधी गेले, आणि झिंगे-किडे तर उरलेच नाहीत. झिंगा किड्यांच्या जवळच्या कुळातला, त्याला कीटकनाशक माशापेक्षाही लवकर बाधतं. पाणी तपासल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण तुझ्या नोंदी वाचून माझा संशय फवारणीवरच जातो.

आता किड्याचं औषध माशाला का लागतं ते बघू. ही बहुतेक औषधं मज्जातंतूंवर काम करतात, आणि मज्जातंतू किड्याचे असोत, माशाचे असोत की माणसाचे, त्यांचं काम एकाच पद्धतीनं चालतं. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं घे. मज्जातंतूकडून स्नायूला निरोप जातो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. निरोप पोचला की ते रसायन लगेच मोडलं जायला हवं, आणि ते मोडणारं एक विकर असतं. औषध त्या विकरालाच धरून बसतं. मग निरोप थांबतच नाही, स्नायू आखडत राहतात. मासा गोल गोल फिरतो, अंगाला झटके बसतात, तोल जातो. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ही पायरेथ्रॉइड मंडळी दुसऱ्या मार्गानं तिथंच पोचतात. मज्जातंतूच्या भिंतीत सोडियम आत सोडणारी दारं असतात, ती त्यांच्यामुळे उघडीच राहतात.

माणसाच्या यकृतात पायरेथ्रॉइड बऱ्यापैकी लवकर मोडलं जातं. माशाला ते काम फार हळू जमतं. म्हणून शेतकऱ्याला "सौम्य" म्हणून दिलेलं औषध माशाला अजिबात सौम्य नसतं. इथंच सगळ्यात मोठी गफलत होते, आणि ती तुझ्या वडिलांची नाही. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो ना, लाल, पिवळा, निळा, हिरवा? कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांत तो ठरवून दिला आहे. लाल म्हणजे अतिशय विषारी, हिरवा म्हणजे सगळ्यात कमी. पण हे माप काढलंय प्रयोगशाळेतल्या जनावरांवरून: वजनाच्या किलोमागे किती मिलिग्रॅम पोटात गेलं तर निम्मी मरतात. ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. या मापात मासा कुठेच नाही. बऱ्याच औषधांच्या आतल्या माहितीपत्रकात माशांना विषारी असल्याची सूचना असते, पण ती घडी घातलेल्या कागदावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. डबा शेताच्या बांधावर फोडणारा माणूस ती वाचणार कधी? त्रिकोणाशेजारी माशाचं एक ठसठशीत चित्र छापणं अवघड नाही, आणि ते छापलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

तुला आकड्यांची आवड दिसते, तेव्हा वडिलांसमोर बसून हा हिशेब कर. सायपरमेथ्रिन १० टक्के ईसीच्या एका लिटरमध्ये १०० ग्रॅम औषध असतं. म्हणजे १० मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम. एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. हे औषध लिटरमागे एक-दोन ते काही मायक्रोग्रॅम इतक्या मात्रेला नाजूक जातीचे निम्मे मासे चार दिवसांत मारतं. दोन मायक्रोग्रॅम धरले तर १० मिलिलिटर औषध पाच लाख लिटर पाण्याला पुरलं. पंचवीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि मीटरभर खोल डोहात बरोबर तेवढंच पाणी मावतं. हा कागदावरचा हिशेब आहे हे खरं. औषध पाण्यात सारखं मिसळत नाही, बरंचसं गाळाला चिकटतं, काही उन्हानं मोडतं. तरी पंपाच्या तळाशी उरलेलं आणि डबा विसळताना निघालेलं औषध किती हलकं समजायचं, याचा अंदाज वडिलांना येईल.

मरळी का टिकल्या, हेही तू विचारलंस. त्याचं उत्तर कल्ल्यांत आहे. बाजारातून ताजा मासा आणलास की कल्ल्याचं झाकण उचलून बघ. आत लालभडक कंगवे दिसतात. भिंगाखाली एकेका दातावर आडवे, अतिशय पातळ पडदे दिसतात, आणि त्यांतून रक्त वाहत असतं, पाण्याच्या वाहण्याच्या उलट दिशेनं. ही सगळी रचना कशासाठी, तर पाण्यात प्राणवायू फार थोडा असतो म्हणून. ३० अंश तापलेल्या पाण्यात लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. हवेच्या एका लिटरमध्ये तो २७० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणून माशाला दिवसरात्र पाण्याचे लोटच्या लोट कल्ल्यांवरून न्यावे लागतात, आणि त्या पाण्यात जे असेल ते सगळं रक्ताच्या अगदी जवळून जातं. मरळीला कल्ल्यांच्या वर हवा साठवायची पोकळी असते, ती वर येऊन श्वास घेते, म्हणून कल्ले निकामी झाले तरी ती काही तास तग धरते. वाचते असं मात्र नाही. औषध तिच्याही अंगात जातंच.

मराठवाडा-विदर्भातल्या कितीतरी महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत हे प्रयोग झाले आहेत. काचेच्या टाक्या, त्यांत नदीतून आणून काही दिवस रुळवलेले मासे, आणि चढत्या मात्रेनं औषध. ९६ तासांत निम्मे मासे ज्या मात्रेला मरतात ती मात्रा लिहून ठेवायची. हे झालं मरणाचं माप. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो याच प्रयोगांचा दुसरा भाग: त्या मात्रेच्या दहाव्या-विसाव्या हिश्शात मासे महिनाभर ठेवायचे. मासे मरत नाहीत. लांबून बघणाऱ्याला टाकीत सगळं ठीक दिसतं. पण त्यांचे कल्ले कापून, रंगवून काचपट्टीवर घे. पावसात भिजलेल्या वहीची पानं एकमेकांना चिकटावीत तसे ते पातळ पडदे चिकटलेले असतात, वरचा थर सुटलेला, मधल्या फटींत चिकट स्राव. प्राणवायू शिरायची जागाच कमी झालेली. सुरुवातीला मासा कल्ल्याचं झाकण भराभर हलवतो, पुढे थकून मंदावतो. रक्तातल्या तांबड्या पेशी घटतात. यकृतातला साखरेचा साठा उपसला जातो आणि रक्तातली साखर वाढते, कारण शरीर सतत संकटाशी झुंजत असतं. यकृताच्या पेशींत पोकळ्या दिसतात.

यकृताकडे विशेष लक्ष दे. मादीच्या अंड्यातल्या बलकाची प्रथिनं यकृतात तयार होतात. यकृत थकलं की अंडाशयात अंडी पोसली जात नाहीत, मधेच जिरून जातात. आपल्याकडे हे घडतं नेमकं कोणत्या दिवसांत? रोहू, कटला, मृगळ पावसाळ्याच्या पुरात, नदीकाठच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. अंडी एका दिवसाच्या आत फुटतात आणि जिरे, म्हणजे नवजात पिल्लं, पाण्यात येतात, डोळ्यांना धड दिसतही नाहीत इतकी बारीक. हेच दिवस कपाशीवर मावा, तुडतुडे, फुलकिड्यांचे आणि सोयाबीनवर खोडमाशी-चक्रीभुंग्याचे, म्हणजे फवारणीचे. पावसाची सर आली की काळी माती औषध घेऊन उताराला लागते आणि ओढ्यातून पैनगंगेला मिळते. माशाचं आयुष्य ज्या आठवड्यांत सगळ्यात नाजूक असतं त्याच आठवड्यांत आपण सगळ्यात जास्त औषध सोडतो. "पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत" असं भोई सांगतात तेव्हा धरणं, उपसा, वाळू, बारीक डोळ्यांची जाळी ही कारणं असतातच. त्यांत हे कारण नीट मोजलं जात नाही, याची मला हळहळ वाटते. जे अंडंच पोसलं गेलं नाही ते पाण्यावर तरंगून कुणाला दिसणार?

आणखी एक नुकसान तर नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. माशाचं जग वासाचं असतं. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञानं १९३८ मध्ये दाखवून दिलं, की रोहूच्याच कुळातल्या एका छोट्या माशाची कातडी फाटली तर तिच्यातून पाण्यात काहीतरी मिसळतं आणि त्या वासानं बाकीचे मासे भेदरून पळतात. मधमाश्यांच्या अभ्यासासाठी पुढे ज्यांना नोबेल मिळालं तेच हे फ्रिश. २००० साली अमेरिकेत सामन माशांवर झालेल्या प्रयोगात डायझिनॉन नावाचं ऑर्गॅनोफॉस्फेट लिटरमागे फक्त एक मायक्रोग्रॅम होतं, तरी मासे धोक्याच्या वासाला नीट दाद देईनात. पोहत होते, खात होते, पण शत्रूपासून पळत नव्हते. असा मासा औषधानं मेला असं कुणी म्हणणार नाही. त्याला बगळा खाईल.

आणि उपासमार. इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झामसारखी नवी औषधं थेट माशाला फार विषारी नाहीत, हे कृषी केंद्रावर तुला ऐकवतील आणि ते खरंही आहे. पण पाण्यातल्या किड्यांना आणि त्यांच्या अळ्यांना ती अगदी थोड्या मात्रेत मारतात. जपानमधल्या शिन्जी सरोवराचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या भातखाचरांत १९९३ पासून ही औषधं आली, पाण्यातले सूक्ष्म जीव घटले, आणि वाकासागी नावाच्या छोट्या माशाचं उत्पादन २४० टनांवरून २२ टनांवर आलं. विषानं नाही, खायला नाही म्हणून.

या सगळ्यात मला खरा संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. उन्हाळ्यात नदीची धार तुटून डोह उरले की काही लोक त्यांत मुद्दाम कीटकनाशक ओततात आणि तरंगलेले मासे पोत्यात भरून बाजारात नेतात. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यातही पाण्यात विष घालणं हा गुन्हा होता, शिक्षा दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. सव्वाशे वर्षं झाली तरी हे थांबलेलं नाही. उन्हाळ्यातला डोह म्हणजे पुढच्या पावसाळ्याचं बियाणं असतं. त्यातले मासे उरले तरच पुरात नदी पुन्हा भरते.

बंदीनं काही होत नाही असं मात्र समजू नकोस. एंडोसल्फान आपल्याकडे सर्रास फवारलं जायचं आणि माशांना ते भयंकर घातक होतं. केरळातल्या कासरगोडच्या लोकांनी वर्षानुवर्षं झगडून तो प्रश्न लावून धरला आणि १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याचं उत्पादन, विक्री, वापर थांबवला.

वडिलांना फवारणीनंतर डोकं दुखतं, मळमळतं असं तू ओझरतं लिहिलंस. ते वाचून मला जास्त काळजी वाटली. २०१७ च्या पावसाळ्यात पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, गुलाबी बोंडअळी हाताबाहेर गेलेली, दोन-तीन औषधं एकत्र करून मारलेली. माशाच्या मेंदूत जे विकर अडतं तेच माणसातही अडतं. वडिलांनी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फवारू नये, दोन औषधं मनानं मिसळू नयेत, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि तोंडाला मास्क असावा. त्रास झालाच तर डॉक्टरांना औषधाचा डबा नेऊन दाखवावा. विक्रेत्यानं काय सांगितलं यापेक्षा डब्यावर काय लिहिलंय ते डॉक्टरांना हवं असतं.

ओढ्यासाठी करायचं ते साधं आहे आणि त्याला पैसा लागत नाही. रिकामा डबा तीनदा विसळायचा आणि ते पाणी पंपातच ओतायचं. उरलेलं द्रावण आपल्याच पिकावर संपवायचं. पंप ओढ्यावर, विहिरीवर धुवायचा नाही, घरून नेलेल्या पाण्यानं शेतातच, पाण्यापासून लांब धुवायचा. आभाळ भरलेलं असेल तर त्या दिवशी फवारायचं नाही. ओढ्याकडच्या बांधावर गवताचा रुंद पट्टा राखायचा, मातीबरोबर औषधही तिथं अडतं. आणि फवारणीच्या आधी कामगंध सापळे बघायचे. सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग आले किंवा शंभरातली दहा बोंडं किडलेली निघाली, तरच गुलाबी बोंडअळीसाठी औषध. शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपण मारायचं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस बघून ठरवायचं. पाच टक्के निंबोळी अर्क सुरुवातीला चांगला, पण तोही पाण्यात ओतायचा नाही. माशाला तोसुद्धा जास्त झाला तर बाधतो.

तरंगलेले मासे काही घरांत शिजले, हे तू शेवटी लिहिलंस. असे मासे खायचे नाहीत. धुऊन, मीठ-हळद लावून, तळूनही नाही. शिजवल्यानं विष जातं याची खात्री नसते, आणि मासा कशानं मेला तेच ठाऊक नसतं. लहान पोरांच्या ताटात तर मुळीच नाही. कोंबड्या-कुत्र्यांनाही घालू नयेत, खोल खड्ड्यात पुरावेत.

पुन्हा असं झालं तर त्याच तासाला धावपळ कर. स्वच्छ काचेची बाटली ओढ्याच्याच पाण्यानं विसळून काठोकाठ भर. नुकतेच मेलेले चार-पाच मासे ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळ आणि दोन्ही बर्फात ठेव. यातली काही औषधं पाण्यात फार दिवस टिकत नाहीत, उशीर झाला की पुरावा जातो. नांदेडच्या मत्स्यव्यवसाय विभागाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळव, अर्जावर तारीख, वेळ, जागा आणि आदल्या दोन दिवसांतल्या फवारण्या लिही. अर्जाची पोच घ्यायला विसरू नकोस.

महाविद्यालयात प्रकल्पासाठी मासे मारून प्रयोग करायचा विचार आहे म्हणतेस. तो करू नकोस, ते आकडे ग्रंथालयात मिळतील. तुझ्या ओढ्याची नोंद मात्र कुणाकडेच नाही. मृगापासून दिवाळीपर्यंत एकच डोह धर. दर आठवड्याला एका ठरलेल्या छोट्या जाळ्यानं काठाचं पाणी चाळ, झिंगे किती, चतुराच्या अळ्या किती, बोटुकली किती ते मोज आणि परत सोड. आसपासच्या शेतकऱ्यांना विचारून फवारणीची तारीख आणि औषधाचं नाव शेजारच्या रकान्यात लिही. पाऊस पडला ती वेळही. पाण्याचं तापमान दर वेळी दुपारी दोनला, त्याच जागी घे. थर्मामीटर मिळाला नाही तर कळव, माझ्याकडे एक चांगला आहे, तो पोस्टानं पाठवतो.

वडिलांना नमस्कार सांग, आईला आशीर्वाद.

तुझे,
आजोबा